नष्ट केलेल्या कागदांचे बस्तेबाबू

बस्तेबाबूंच्या तोंडून निघणारा पहिला शब्द 'नाई' असायचा. वर्ध्याच्या कचेरीत मागच्या अंगाला, जुन्या तबेल्याला लागून दप्तरखाना होता. त्याच्या दारात माणूस दिसला, की त्याला काय हवं ते त्याने सांगायच्या आत बाबू 'नाई' म्हणून मोकळे व्हायचे. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "हं, काय म्हणत होते?" एकदा नवे डेप्युटी कमिश्नरसाहेब दप्तरखाना बघायला आले, तर त्यांनाही 'नाई' ऐकावं लागलं. साहेबांनी अजून काही मागितलंच नव्हतं. आम्ही सगळ्यांनी समोरच्या कागदांत डोकं खुपसलं. बाबूंनी मात्र शांतपणे खुलासा केला, की आधी नाई म्हटलं म्हणजे अर्धे लोक परत जातात, आणि जे उभे राहतात त्यांनाच खरी गरज असते. साहेबांना हे पटलं असावं, कारण तेही परत गेले.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं. जुने कागद लाल खारव्याच्या कापडात बांधून ठेवलेलं गाठोडं म्हणजे बस्ता. फडताळाच्या तळापासून छतापर्यंत असे बस्ते रचलेले, आणि त्यांचे मालक हे, म्हणून बस्तेबाबू. अंगात काळा कोट, खाली धोतर, पाठीला बाक. तो बाक खालच्या कप्प्यांमुळे आला होता असं ते सांगत. त्या दिवसांत वर्ध्यात ज्याला त्याला देशासाठी काहीतरी करायचं होतं. सकाळी नालवाडीच्या रस्त्याने टकळी फिरवत जाणारे लोक दिसायचे, संध्याकाळी पवनारहून प्रार्थना करून परतणारे दिसायचे. बाबू या दोन्ही वेळांना दप्तरखान्यात असायचे. देशासाठी तुम्ही काय करता असं कोणी विचारलं, तर म्हणायचे, "राज्य येते न् जाते. बस्ता राह्यते."

मी आर्वीहून तिथं नक्कलनवीस म्हणून बदलून आलो तेव्हा दोन मुलांचा बाप होतो आणि स्वतःला बऱ्यापैकी शहाणा समजत होतो. जुन्या कागदाची हुबेहूब नक्कल उतरवून अर्जदाराला द्यायची, एवढंच माझं काम. पहिल्याच दिवशी बाबूंनी मला समोर बसवून कागदाचे शत्रू सांगितले. उधई म्हणजे वाळवी, मग उंदीर, पाणी आणि अर्जदार. पहिल्या तिघांवर उपाय आहे, चौथ्यावर नाही, कारण त्याच्याकडे तिकीट लावलेला अर्ज असतो. मी हसलो. ते हसले नाहीत. पुढे महिनाभरात मला कळलं, की या माणसाने विनोद म्हणून आयुष्यात काही बोललेलं नव्हतं.

उधईवरचा त्यांचा उपाय म्हणजे कडुलिंबाचा पाला. बोरगावचा एक माळी दर आठवड्याला टोपलीभर पाला आणून टाकायचा आणि बाबू स्वतःच्या हाताने तो बस्त्याबस्त्यात पसरायचे. उन्हाळ्यात तर कहर. वर्ध्याचा वैशाख म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही असा. साहेबांच्या दाराखिडक्यांना वाळ्याच्या टट्ट्या लागायच्या आणि त्यांच्यावर चपराशी पाणी मारत बसायचा. बाबूंनी एका वर्षी अर्ज केला, की साहेब दुपारी घरी जेवायला जातात तेवढ्या वेळेपुरती टट्टी दप्तरखान्याला मिळावी, कारण कागद जेवायला घरी जात नाहीत. अर्ज नामंजूर झाला. त्या नामंजुरीचा कागदही त्यांनी बस्त्यात व्यवस्थित बांधून ठेवला, पाला घालून.

मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. लांबून लांबून लोक यायचे. सेलूचा शेतकरी, हिंगणघाटची विधवा, कोणाचा बांध कोरलेला, कोणाची वाट अडवलेली. आणि हा माणूस त्यांना अर्जातलं मौजेचं नाव नीट लागत नाही म्हणून परत पाठवायचा. कागद समोरच्या कप्प्यात आहे हे त्यालाही माहीत आणि मलाही माहीत. मी एकदा न राहवून विचारलंच, की बाबूजी, हे सगळं जपून ठेवायचं तरी कोणासाठी? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी देवळात जाऊन देव कशाला ठेवला म्हणून विचारलं.

अशातच एका उन्हाळ्यात दिल्लीचे साहेब आले. देशभरातले सरकारी कागद सांभाळायला दिल्लीला मोठं अभिलेखागार आहे, एवढं आम्ही ऐकून होतो. तिथले एक अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यातली दप्तरं कशी ठेवली आहेत ते पाहत आमच्याकडे पोचले. भला माणूस. सुटात होते, आणि तासाभरात त्या सुटाचं जे झालं ते बघवत नव्हतं. घाम पुसत पुसत त्यांनी आम्हाला सांगितलं, की कागदाला थंड आणि कोरडी हवा लागते, बारा महिने एकसारखी. दिल्लीला त्यासाठी यंत्र आहे. फाटक्या कागदाला पातळ रेशमी जाळी चिकटवून त्याला पुन्हा जीव देणारे कारागीर आहेत. बाबू कान देऊन ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, की यंत्र कागदासाठी आहे की साहेबांसाठी? कागदासाठी, असं उत्तर मिळाल्यावर त्यांचे डोळे पाणावले. हे मी स्वतः पाहिलं आहे.

पण पुढे घोडं अडलं. साहेब म्हणाले, आमच्याकडे वाचनाची वेगळी खोली आहे, तिथं कोणीही येऊन चिठ्ठी भरतो आणि त्याला हवा तो जुना कागद टेबलावर आणून मिळतो. बाबूंचा चेहरा उतरला. कोणीही म्हणजे कोणीही का, हे त्यांनी तीनदा विचारून घेतलं. लोक वाचून त्याचं करतात काय? साहेब म्हणाले, इतिहास लिहितात. आणि लिहून झाल्यावर तो इतिहास कुठे ठेवतात? साहेबांनी पुन्हा घाम पुसला. ते जाताना बाबूंचा हात हातात घेऊन म्हणाले, तुमच्याकडे महत्त्वाचं काही सापडलं तर आम्हाला जरूर कळवा, कागद लोकांच्या कामी आला पाहिजे. बाबू दोन दिवस अस्वस्थ होते. इतक्या चांगल्या माणसाच्या डोक्यात असं काही कसं शिरलं, म्हणून हळहळत होते.

मग राज्य बदललं. काल आम्ही मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर, आज मुंबई राज्यात. माणसं रात्रीतून इकडची तिकडे झाली, कागदांना मात्र वेळ लागतो. काही बस्ते भोपाळला जाणार म्हणून बांधले, काही मुंबईला जाणार म्हणून सोडले, आणि शेवटी वरच्या कोणा हुशार माणसाने तोडगा काढला, की ओझं वाहण्यापेक्षा कमीच करा. दुबार कागद छाटून जाळून टाका. गावाचा सारा वसूल करायचा मालगुजारांचा हक्क, म्हणजे मालगुजारी, पाच-सहा वर्षांपूर्वीच गेली होती, तेव्हा मालगुजारीचे कागद तर नकोतच. त्यांत 'वाजिब-उल-अर्ज' नावाचे कागद होते. नाव भारी, पण वस्तू साधी. गावातली वहिवाट त्यात लिहिलेली असते. पाणी कोणी कुठून घ्यायचं, ढोरं कोणत्या वाटेने न्यायची, सरपण कुठून आणायचं. त्याची एक प्रत कचेरीत आणि एक गावात पटवाऱ्याकडे. म्हणजे कचेरीतली ठरली दुबार.

हुकुमाप्रमाणे यादी झाली. बाबूंनी यादीतल्या प्रत्येक नावासमोर 'नष्ट केले' लिहून खाली सही केली. कचेरीच्या आवारात होळी पेटली, साहेब खुर्ची टाकून बसले, धूर निघाला. साहेबांनी धूर पाहिला आणि तसा अहवाल वर गेला. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बाबूंचं नवल वाटलं. पाल्याच्या टोपलीवर जीव टाकणारा हा माणूस, आणि डोळ्यांतून टिपूस नाही. मी मनात म्हटलं, शेवटी कारकून तो कारकूनच.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर भागाबाई आली. धामच्या काठी चिंचघाट म्हणून गाव आहे, तिथली. साठीची असेल, पांढरं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि अर्ज. तिच्या वस्तीतले सगळे लोक आदल्या वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. परत आल्यावर त्यांनी मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. गावचे मालगुजार भडकले. मालगुजारी सरकारने काढून घेतली होती, पण त्यांच्या अंगातून ती काढायला सरकारकडे माणूस नव्हता. वस्तीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जिथं पुरली जात होती, ती नाल्याकाठची जागा आपलीच आहे, असं त्यांनी जाहीर केलं. मिरगाच्या आधी नांगर घालून तिथं कपाशी लावणार म्हणाले. वस्तीने एसडीओसाहेबांकडे, म्हणजे उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे, अर्ज केला. साहेब म्हणाले, जागा तुमची असल्याचा कागद आणा.

पटवाऱ्याकडची प्रत उधईने खाल्ली होती. पटवाऱ्याचं दप्तर मालगुजारांच्याच पडवीत असायचं, आणि त्या उधईने सगळ्या दप्तरातून नेमकी तेवढीच पानं खाल्ली होती. राहिली कचेरीतली. मी यादीची माझ्याकडची प्रत उघडली, चिंचघाटच्या नावासमोर 'नष्ट केले' आणि बाबूंची सही. भागाबाईच्या अर्जावर तसं लिहून मी अर्ज परत केला. ते वाक्य माझ्या हातचं आहे, आणि अजून मला ते दिसतं.

ती गेली नाही. व्हरांड्यातच बसली. तिला आत बोलवावं, खाली सतरंजी टाकावी, प्यायला पाणी द्यावं, हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही. दीक्षा तिने घेतली होती, आम्ही कुठे घेतली होती? बाबू तर जुन्या वळणाचे. तिचा अर्जदेखील त्यांनी टेबलावर ठेवायला सांगून मग उचलला होता. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दुपारी बाबू जेवण आटोपून हात पुसत होते. ती दाराशी येऊन म्हणाली, "बाबूजी, माह्या मालकाले तिथं पुरलं. पोरीले पुरलं, चार वर्साची होती. आता माहा नंबर हाये. मले त्याईच्या बाजूले जागा पायजे. मी कापसाच्या खाली जाऊ का?"

बाबूंनी सवयीने 'नाई' म्हटलं. ती मुकाट्याने पिशवी उचलून गेली. मग ते मला म्हणाले, दार लोटून घे. सगळ्यात आतल्या फडताळापाशी जाऊन त्यांनी एक मोठा बस्ता ओढला आणि गाठ सोडली. वर नष्ट केलेल्या कागदांची यादी. खाली नष्ट केलेले कागद. सगळे. पाला घातलेले.

मी खालीच बसलो. म्हटलं, बाबूजी, हे तर आपण जाळलं होतं! ते म्हणाले, जाळलंच आहे, ही काय त्याची यादी. छाटणीच्या नियमात लिहिलं आहे, की नष्ट केलेल्या कागदांची यादी कायम जतन करावी आणि पडताळणीसाठी लागणारे कागद तिला जोडावेत. आता यादीत लिहिलेले कागद खरंच नष्ट झाले की नाहीत हे पडताळायचं, तर ते कागद नकोत का? म्हणून जोडले. मग होळीत काय जळलं? जुन्या राज्याचे कोरे फॉर्म. राज्य गेलं, फॉर्म कशाला पाहिजेत? हे सगळं इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं, की हा माणूस महामूर्ख आहे की महाबिलंदर, ते मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

चिंचघाटचा कागद त्यात होता. मी वाचला. वहिवाट स्वच्छ लिहिली होती. पण नक्कल कशी द्यायची? जो कागद सरकारदरबारी जळला आहे, त्याची नक्कल दिली की पहिला प्रश्न बाबूंच्या सहीचा. आणि त्यांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. मी सुचवलं, आपण दिल्लीच्या त्या साहेबांना लिहू. ते म्हणाले होतेच, महत्त्वाचं काही सापडलं तर कळवा. त्यांनी हा कागद जपण्याजोगा ठरवला, तर तो राष्ट्राचा होईल आणि आपण सुटू. बाबूंना राष्ट्राचा भरवसा नव्हता, पण त्या यंत्राचा होता. आम्ही दोघांनी मिळून पत्र लिहिलं. गोल गोल लिहिलं, की अमुक गावचा एक जुना कागद जिल्हा दप्तरात आहे, त्याच्यावर लोकांचा हक्क अवलंबून आहे, तरी काय करावे.

पत्र गेलं. इकडे भागाबाई दर तारखेला यायची. तारीख पुढे जायची आणि ती व्हरांड्यात येऊन बसायची. काही मागायची नाही, नुसती बसायची. एक दिवस बाबू बाहेर गेले आणि स्वतःच्या तांब्यातलं पाणी तिच्या हातावर वरून ओतून आले. परत येऊन त्यांनी तांब्या घासायला दिला नाही, तसाच ठेवला. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. 

चैत्र संपता संपता पत्राचं उत्तर आलं. दिल्लीने अतिशय सभ्य भाषेत आभार मानले होते आणि विषय राज्याचा असल्याने पत्र मुंबईला पाठवलं होतं. मुंबईने विषय विभागाचा असल्याने नागपूरला पाठवलं. नागपूरने विषय जिल्ह्याचा असल्याने वर्ध्याला पाठवलं. आमच्या साहेबांनी न वाचता त्यावर सही करून ते संबंधित शाखेकडे पाठवलं. संबंधित शाखा म्हणजे बस्तेबाबू. साऱ्या देशाची प्रदक्षिणा करून बाबूंचं पत्र बाबूंच्याच टेबलावर येऊन पडलं. त्याच्यावर वाटेतल्या टेबलाटेबलांचे मिळून सात शिक्के होते आणि प्रत्येक शिक्क्याखाली एकच शेरा होता : योग्य कार्यवाहीसाठी.

मी कपाळावर हात मारला. बाबूंनी मात्र ते पत्र उजेडाकडे धरून वरून खाली आणि खालून वर वाचलं. मग म्हणाले, "पाह्य, सात जागचा हुकूम हाये. योग्य कार्यवाही कर म्हंते." मी समजावलं, की हा हुकूम नाही बाबूजी, ही टोलवाटोलवी आहे. ते ऐकेनात. पस्तीस वर्षं त्यांनी कागदावर लिहिलेल्या शब्दाचा अर्थ तोच घेतला होता जो तिथं लिहिलेला असतो, आणि आता म्हातारपणी दुसरा अर्थ शिकायची त्यांची तयारी नव्हती.

सुनावणीच्या दिवशी एसडीओसाहेबांच्या कोर्टात मालगुजार, त्यांचे वकील, चिंचघाटची पंधरा-वीस माणसं आणि भागाबाई. वकिलाने माझाच शेरा वाचून दाखवला, की कागद नष्ट झाला आहे, सबब वहिवाट सिद्ध होत नाही. तेवढ्यात दारात लाल बस्ता छातीशी धरून बाबू उभे. त्या इमारतीत ते पस्तीस वर्षं होते, पण कोर्टाच्या खोलीत पाय टाकलेला मी प्रथमच पाहिला. वकील उठले, म्हणाले, हे कोण? बाबूंनी बस्ता साहेबांच्या टेबलावर ठेवला, गाठ सोडली, कागद काढला.

"साहेब," ते म्हणाले, "हा कागद मी जाळला म्हणून यादीवर माही सही हाये. सही खोटी हाये. कागद खरा हाये."

 साहेब तरुण होते, नवे होते. त्यांनी विचारलं, तुम्ही काय बोलता आहात ते तुम्हाला कळतं का? याची शिक्षा काय, माहीत आहे का? बाबू म्हणाले, माहीत आहे, त्या नियमांचं पुस्तक माझ्याच दप्तरात आहे. वकील ओरडून सांगू लागले, की जो कागद सरकारने नष्ट केला तो अस्तित्वातच नाही, तो वाचता येणार नाही. साहेबांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाले, मला तर तो दिसतो आहे. नाल्याकाठची जागा वस्तीची, असा निकाल त्यांनी दिला, आणि त्याच निकालाच्या खालच्या परिच्छेदात बाबूंवर कारवाई व्हावी अशी शिफारस केली. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच हस्ताक्षरात लिहिल्या.

बाहेर आल्यावर भागाबाई बाबूंच्या पाया पडायला वाकली. ते दोन पावलं मागे सरकले. ओशाळल्यासारखे म्हणाले, "तुह्यासाठी नाई केलं बाई. कागदासाठी केलं." ती उठून उभी राहिली. "कायच्यासाठीबी करा बाबूजी," म्हणाली, "केलं ना?" आणि पिशवीतली अर्धी भाकरी काढून त्यांच्यापुढे धरली. बाबूंनी इकडेतिकडे पाहिलं, मला वाटलं आता 'नाई' येणार. त्यांनी भाकरी घेतली आणि कोटाच्या खिशात ठेवली. पुढे ती खाल्ली की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

चौकशी बसली. आरोप असा, की नष्ट करायचे कागद नष्ट न करून सरकारची फसवणूक केली. आता आरोप सिद्ध करायचा तर पुरावा हवा. पुरावा म्हणजे तेच कागद. तेव्हा चौकशी अधिकाऱ्याने सगळ्या कागदांवर लाखेची मोहर मारली आणि लेखी हुकूम काढला, की चौकशी पूर्ण होईपर्यंत यातला एकही कागद नष्ट करू नये. बाबूंनी तो हुकूम वाचला आणि लहान मुलासारखे हसले. आयुष्यात प्रथमच हसताना पाहिलं मी त्यांना. म्हणाले, सरकारी चौकशी कधी पूर्ण झालेली पाहिली का तू? तीन अधिकारी बदलून गेले, चौकशी अजून 'प्रगतिपथावर' होती.

तिच्या त्या पथावरच बाबू निवृत्त झाले. चौकशीतल्या माणसाला निरोप कोण देणार? हार नाही, चहा नाही. किल्ल्या माझ्या हातात दिल्या, पाल्याच्या टोपलीचा वार सांगितला आणि तबेल्याच्या बाजूने निघून गेले. त्यांच्या निवृत्तीचे कागद चौकशीत अडकून पडले होते. पुढे ते रामनगरच्या बाजूला मुलीकडे राहायचे. मी भेटायला गेलो की तब्येतीचं काही बोलायचे नाहीत. एकच विचारायचे, मोहरा शाबूत आहेत ना? मी आहेत म्हणायचो. मला त्यांचा राग यायचा हे मी वर लिहिलं आहे. तो राग त्या दिवसांत माझा मलाच टोचायचा.

दोन पावसाळे गेले. एका सकाळी भागाबाईचा मुलगा रामदास सायकल मारत माझ्या दारात आला. आई गेली, म्हणाला, बाबूजींना सांगायचं आहे, तिनं सांगून ठेवलं होतं. मी बाबूंकडे गेलो. मला वाटलं, नाही म्हणतील, वयही झालं होतं. ते उठले आणि काळा कोट शोधू लागले. आम्ही पवनारच्या बसने निघालो, पुढे बैलगाडीने. 

साऱ्या जिल्ह्याची गावं फडताळात सांभाळली, पण त्यातलं एकही गाव या माणसाने पाहिलेलं नव्हतं. नाल्यापाशी पोचल्यावर ते आधी कागदातल्या हद्दी ताडत जागेच्या कडेकडेने चालत गेले. पश्चिमेला नाला, आहे. उत्तरेला पांदण, आहे. दक्षिणेला चिंच असायला हवी होती, ती नव्हती. कधी पडली, म्हणून त्यांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, आणि उत्तर ऐकून मान हलवली. लोक त्यांना वाट देत होते. खड्डा तयार होता, एका बाजूला दोन जुन्या ढिगाऱ्यांवर दगड मांडलेले होते, एक मोठा, एक लहान. भागाबाईला खाली ठेवलं, गावातल्या मास्तरांनी त्रिशरण म्हटलं, सगळ्यांनी म्हटलं. मग रामदास हात जोडून म्हणाला, "बाबूजी, तुमी दोन शब्द बोला. मायची इच्छा होती."

बाबूंना भाषण कुठलं येणार? ते खड्ड्याच्या काठाशी उभे राहिले, चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले आणि म्हणू लागले :

"मौजे चिंचघाट. गावाचे पश्चिमेस नाल्याचे काठी जी पडीक जागा आहे, ती या गावचे लोकांनी आपली माणसे पुरण्याची वहिवाट आहे. मालगुजाराने तीत नांगर घालू नये. झाड तोडू नये. कोणी हरकत करू नये. ही वहिवाट पूर्वापार असून पुढेही चालेल."

सगळे हात जोडून ऐकत होते. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. निकालाला जोडायला त्या कागदाची नक्कल मी स्वतःच्या हाताने उतरवली आहे, मला तो पाठ आहे. त्यात 'या गावचे लोकांनी' असं लिहिलेलं नाही. तिथं जातीचं नाव आहे, आणि 'माणसे' नाही, 'प्रेते' आहे. उभ्या जन्मात या माणसाने कागदातला काना-मात्रा इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले नव्हते.

"झालं बाबूजी?" रामदासने हळूच विचारलं.

"झालं," ते म्हणाले. मग धोतर सावरून खाली बसले, दोन्ही हातांनी माती घेतली आणि आधी त्यांनीच लोटली.